उसळी-संरक्षण, संगणकाच्या घरगुती उपसाधनांचे

घरातील संगणकाला जोडलेली मॉनिटर, प्रिंटर, राउटर, मोडेम, बाह्य हार्ड डिस्क यांसारखी उपसाधने वीजपुरवठ्यातील क्षणिक अतिदाबाने निकामी होऊ नयेत आणि त्यांना आवश्यक तेवढी वीज योग्य रीतीने मिळावी, यासाठी केलेली व्यवस्था. उसळी म्हणजे काही मायक्रोसेकंदांपासून फार तर काही मिलिसेकंदांपर्यंत टिकणारी दाबातील तीव्र वाढ. सेकंद किंवा मिनिटे टिकणारा वाढीव दाब हा निराळा प्रकार असून त्यावरील उपायही निराळे आहेत. हे दोन्ही प्रकार एकच समजले जात असल्यामुळे ‘स्पाइक गार्ड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बोर्डाकडून पुष्कळदा नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात.

उसळीची मुख्य कारणे दोन आहेत : आकाशातील विजेचा प्रत्यक्ष वा प्रवर्तित परिणाम आणि विद्युत् मंडलातील भार (विजेवर चालणारी उपकरणे) चालू-बंद होणे. यांतील कोणाचा वाटा अधिक याविषयी एकमत नाही. मार्ट्झलॉफ आणि हान या संशोधकांनी १९७० मध्ये घरगुती व औद्योगिक मंडलांतील उसळ्यांची मोजणी प्रसिद्ध केली आणि पुढील बरेचसे विवेचन तिच्यापासून सुरू होते. तथापि मोजणीची जागा, मंडलाची लांबी आणि आधीच बसविलेले संरक्षक यांनुसार आकडे बरेच बदलतात, म्हणून जाहिरातींतील नेमक्या टक्केवारीवर विसंबणे योग्य नाही. संख्येने चालू-बंद होण्याच्या उसळ्या अधिक, पण ऊर्जेने विजेच्या उसळ्या मोठ्या, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. चाचणीसाठी मात्र प्रमाणित तरंग ठरलेले आहेत. दाबाचा तरंग १.२ मायक्रोसेकंदांत शिखराला पोहोचून ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. प्रवाहाच्या तरंगासाठी हेच आकडे ८ व २० असे आहेत. हे तरंग अमेरिकेतील आयट्रिपलई (IEEE) या विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८० च्या मार्गदर्शिकेत आणि तिच्यापुढील सुधारित आवृत्त्यांत आढळतात.

घरगुती संरक्षकाचा गाभा म्हणजे धातू-ऑक्साइड व्हॅरिस्टर, प्रचलित भाषेत ‘एमओव्ही’. नेहमीच्या दाबाला तो जवळजवळ निरोधक असतो आणि ठरावीक दाबापलीकडे एकाएकी सुवाहक होऊन जास्तीचा प्रवाह स्वतःतून वळवतो. त्याच्या आधी, १९३० च्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने सिलिकॉन कार्बाइडवर आधारित ‘थायराइट’ तडित्-निवारकांसाठी वापरात आणले होते. पण त्याची अरेषीयता (दाब वाढताच प्रवाह प्रमाणाबाहेर वाढण्याचा गुण) सौम्य असल्याने नेहमीच्या दाबालाही त्यातून लक्षणीय प्रवाह वाही व त्यामुळे मालेत ठिणगी-फट (पुरेशा दाबालाच ठिणगी पडून प्रवाह जाऊ देणारी मोकळी जागा) ठेवावी लागे. जस्त-ऑक्साइडाच्या व्हॅरिस्टरचे श्रेय सामान्यतः जपानमधील मात्सुशिता कंपनीचे मिचिओ मात्सुओका यांना दिले जाते. त्यांचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असून त्यावरील बहुचर्चित शोधनिबंध १९७१ चा आहे. बिस्मथ-ऑक्साइड मिसळलेल्या जस्त-ऑक्साइडाचा अरेषीय गुण सोव्हिएत संशोधकांनी १९६१ च्या सुमारास नोंदविला होता, असा उल्लेख काही आढाव्यांत येतो. त्यावरून अग्रक्रमाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो; परंतु बिस्मथाबरोबर कोबाल्ट, मँगॅनीज, अँटिमनी इत्यादींची अल्प मिश्रणे वापरून उत्पादनयोग्य घटक सिद्ध करण्याचे काम मात्सुओका यांचेच, असे मानण्यास फारशी अडचण नाही.

जस्त-ऑक्साइडात हा अरेषीय गुण नेमका कशामुळे येतो याविषयीचा वाद अधिक लांबला. वस्तू एकसंध नसून जस्त-ऑक्साइडाच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते आणि प्रवाहाला खरा अडसर कणांच्या सीमांवर होतो, एवढे सर्वमान्य आहे. मात्सुओका यांनी त्याचे स्पष्टीकरण सीमेवरील थरात साचणाऱ्या अवकाश-प्रभाराच्या (तेथे गोळा झालेल्या विद्युत् प्रभाराच्या) आधारे दिले. लेव्हिन्सन व फिलिप यांनी १९७५ च्या सुमारास इलेक्ट्रॉनांच्या बोगदा-परिणामाकडे, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळा पार करण्याकडे, लक्ष वेधले. पुढे पाइक यांच्या आणि १९८६ च्या सुमारास ब्लॅटर व ग्रॉइटर यांच्या विवेचनातून निराळे चित्र पुढे आले : सीमेच्या दोन्ही बाजूंना शॉट्की अडथळा (प्रवाह अडविणारा विद्युत् दाबाचा थर) असतो आणि दाब वाढताच वेगवान इलेक्ट्रॉन तेथे विवरे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) निर्माण करून तो अडथळा कोसळवतात. अरेषीयतेची तीव्रता या शेवटच्या उपपत्तीने अधिक चांगली उलगडते. व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक कणसीमा सुमारे ३ व्होल्ट दाब अडवते. म्हणून व्हॅरिस्टरच्या चकतीची जाडी व कणांचा आकार ठरविला की कार्यदाब ठरतो.

२३० व्होल्ट पुरवठ्यासाठी सर्रास वापरली जाणारी, २७५ व्होल्ट प्रत्यावर्ती दाबासाठी मानांकित केलेली २० मिमी. व्यासाची चकती उदाहरणादाखल घेता येईल. तिच्यातून १ मिलिअँपिअर प्रवाह सुमारे ४३० व्होल्टला वाहू लागतो, म्हणजे सव्वाशे ते दीडशे कणसीमा मालेत आहेत असे समजावे. १०० अँपिअर उसळीच्या वेळी मात्र दाब ७१० व्होल्टपर्यंत चढू शकतो. पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्ट असतो हे ध्यानात घेतल्यास संरक्षक उसळी ‘थांबवतो’ ही समजूत अपुरी ठरते. तो तिला एका उंचीवर छाटतो आणि उरलेला भार अडॅप्टरमधील गाळणी व संधारित्र सोसतात. अमेरिकेतील १२० व्होल्ट पुरवठ्याच्या संरक्षकांवर छापलेला ३३० व्होल्टचा छाटणी-दाबाचा आकडा २३० व्होल्टच्या उपकरणाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. संरक्षक किती ऊर्जा सोसू शकतो हे सांगणाऱ्या ज्यूलमधील मानांकनावरूनही एकट्याने निष्कर्ष काढता येत नाही, कारण ते किती चकत्या कोणत्या तारांदरम्यान बसविल्या आहेत यावर अवलंबून असते.

मोठ्या उसळ्या सोसताना चकती हळूहळू झिजते, तिचा गळती-प्रवाह वाढतो, ती तापते आणि तापल्यामुळे गळती आणखी वाढते. या दुष्टचक्रातून आगीचा धोका संभवतो. म्हणून यूएल १४४९ या उसळी-संरक्षकांच्या सुरक्षिततेविषयीच्या अमेरिकी मानकाच्या उत्तरकालीन आवृत्त्यांपासून तापून तुटणाऱ्या फ्यूजला महत्त्व आले. तो तुटल्यावर काही बोर्ड वीज बंद करतात, तर काही संरक्षणाविना पुरवठा चालू ठेवतात. दुसऱ्या प्रकारात निर्देशक दिवा विझणे ही एकच खूण उरते. त्रिकला (थ्री-फेज) पुरवठ्यात न्यूट्रल तार सैल होऊन एखाद्या सॉकेटला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू लागला, तर अशा दीर्घ अतिदाबात चकती स्वतःच जळते. त्यासाठी अतिदाब ओळखून पुरवठा तोडणारे रिले हवे.

उपसाधनांच्या बाबतीत खरा धोका वीजतारेतील दाबाच्या उंचीपेक्षा दोन वाटांमधील दाब-फरकातून येतो, आणि नेमके हेच खरेदी करताना दुर्लक्षिले जाते. मोडेमला एक वाट विजेची आणि दुसरी टेलिफोन किंवा केबलच्या तारेची असते. वेगवेगळ्या सॉकेटांवरील संगणक व प्रिंटर यूएसबी केबलने जोडलेले असतात. संरक्षकाने उसळी अर्थिंगच्या तारेत वळविली, तरी त्या तारेचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला १,००० अँपिअर या वेगाने वाढल्यास मीटरमागे १,००० व्होल्ट फरक पडतो आणि दहा मीटर तारेत तो दहा हजारांवर जातो. परिणामी संगणकाचा भूसंदर्भ (ज्याच्या तुलनेत दाब मोजले जातात ती अर्थची पातळी) उचलला जातो, केबलच्या टोकाचा मात्र जागीच राहतो आणि हा सारा फरक मधल्या पोर्टवर येऊन पडतो. मार्ट्झलॉफ यांनी या घटनेचा पाठपुरावा केला आणि वीज व संदेश या दोन्ही तारा एकाच पेटीतून नेऊन त्यांचा संदर्भ समान करण्याची पद्धत पुरस्कारिली. वीजतारेवर कितीही भारी संरक्षक बसविला तरी संदेशतार बाजूने मोकळी राहिली, तर काम अर्धवटच राहते. म्हणून संगणक, मोडेम व तारेने जोडलेली सर्व उपसाधने एकाच बोर्डावर घ्यावीत आणि बाहेरून येणारी प्रत्येक धातूची तार त्याच बोर्डाच्या संदर्भातून आत आणावी. इथरनेटच्या पोर्टला आयट्रिपलई ८०२.३ मानकाप्रमाणे १,५०० व्होल्ट विलगीकरण (दोन्ही बाजूंमध्ये थेट विद्युत् जोड नसणे) असते, यूएसबी व एचडीएमआय यांना ते नसते; यास्तव दूरच्या सॉकेटवरील प्रिंटर इथरनेटने किंवा बिनतारी जोडणे हे यूएसबीपेक्षा निर्धोक होय.

वीज गेल्यावर बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणाऱ्या यूपीएसचे काम वेगळे आहे. आयईसी ६२०४०-३ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे तीन वर्ग केले असून घरातील बहुतेक संच बॅटरीवर जाण्यास काही मिलिसेकंद घेणाऱ्या पहिल्या दोन वर्गांत मोडतात. अमेरिकेतील आयटीआयसी या माहिती-तंत्रज्ञान उद्योगसंघटनेच्या सहनशीलता-आलेखानुसार संगणकीय साधनांनी २० मिलिसेकंदांचा पूर्ण खंड सोसणे अपेक्षित असल्याने हा विलंब सहसा जाणवत नाही. बॅटरीच्या बाजूला संगणक, मॉनिटर, राउटर व मोडेम ठेवावेत. लेझर प्रिंटर तेथे ठेवू नये, कारण त्यातील शाई वितळविणारा तापक शेकडो वॅट, प्रसंगी हजाराहून अधिक, घेऊन संचावर अकस्मात ताण आणतो. संचावरील व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार) व वॅट (प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती) हे आकडे एकच समजू नयेत. छोट्या संचांत वॅटची मर्यादा व्हीएपेक्षा बरीच कमी असते. यूएसबी पोर्टवरून मिळणारी वीजही मर्यादित असते : २.० मध्ये ५०० आणि ३.० मध्ये ९०० मिलिअँपिअर, ५ व्होल्टला. हार्ड डिस्क फिरू लागताना क्षणभर याहून जास्त प्रवाह मागू शकते. ती मधूनच तुटत असल्यास स्वतंत्र अडॅप्टरचा हब वापरावा.

अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर फेज व न्यूट्रल यांमधील चकती काम करते, पण अर्थकडे जाणाऱ्या चकत्या निरुपयोगी होतात. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये. प्रकाशतंतूची जोडणी घरापर्यंत आल्यास संदेशाची धातूची वाट नाहीशी होते, मात्र तंतूच्या आवरणात पोलादी आधारतार असेल तर तिला हे लागू नाही.