अटल पेन्शन योजना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज करताना कुठे लक्ष द्यायचे

साठीनंतर महिन्याला ५००० रुपये पेन्शन हवी असेल, तर अटल पेन्शन योजनेत १८ व्या वर्षी नाव नोंदवणाऱ्याला दरमहा २१० रुपये भरावे लागतात. तेवढ्याच पेन्शनसाठी २५ व्या वर्षी हप्ता ३७६ रुपये, तिशीत ५७७, पस्तिशीत ९०२ आणि चाळिशीत थेट १४५४ रुपये होतो. अठराव्या वर्षी सुरुवात करणारा ४२ वर्षांत एकूण १ लाख ५ हजार ८४० रुपये भरतो. चाळिशीत येणारा निम्म्याहून कमी काळात ३ लाख ४८ हजार ९६० रुपये भरतो आणि पेन्शन मात्र दोघांना सारखीच मिळते. म्हणून घरात कोणी नुकतेच कमवायला लागले असेल, तर ही माहिती आधी त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

ही केंद्र सरकारची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा कारभार पेन्शन निधी नियामक व विकास प्राधिकरण, म्हणजेच पीएफआरडीए, पाहते. पेन्शन महिन्याला १०००, २०००, ३०००, ४००० किंवा ५००० रुपये यांपैकी आपण निवडायची असते. निवडलेल्या किमान रकमेची हमी सरकारची असते.

अर्जदार भारतीय नागरिक असावा, वय १८ ते ४० च्या दरम्यान असावे आणि बँकेत किंवा पोस्टात त्याचे बचत खाते असावे. नोकरीची अट नाही. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या मावशी, शेतमजूर, छोटे दुकानदार, गृहिणी, सगळ्यांना दार उघडे आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना नव्याने नाव नोंदवता येत नाही. नोंदणीच्या दिवशी किंवा त्याआधी तुम्ही करदाते होता असे नंतर आढळले, तर खाते बंद करून जमा रक्कम परत दिली जाते. ही अट नोंदणीच्या तारखेपर्यंतचीच आहे. आज कर लागत नाही पण चार-पाच वर्षांत लागेल, अशा तरुणांनी म्हणूनच अर्ज आत्ताच करावा.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत. आधार कार्ड, बचत खात्याचे पासबुक, चालू मोबाइल नंबर आणि वारसदाराचा तपशील एवढे जवळ ठेवा. एका व्यक्तीला एकच अटल पेन्शन खाते उघडता येते.

अर्ज आपल्याच बँकेच्या शाखेत किंवा पोस्टात मिळतो. बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्येही ही सोय आहे. फॉर्ममध्ये पेन्शनची रक्कम निवडायची, हप्ता मासिक, तिमाही की सहामाही ते ठरवायचे आणि खात्यातून पैसे आपोआप कापण्यास संमती द्यायची. नोंदणी झाली की ‘प्राण’ नावाचा कायमचा खाते क्रमांक मिळतो. तो आणि पोचपावती जपून ठेवा.

फॉर्ममधला वारसदाराचा रकाना घाईत भरू नका. विवाहित अर्जदाराचा जोडीदार आपोआप वारसदार ठरतो. अविवाहित व्यक्ती आई, भाऊ, कोणाचेही नाव देऊ शकते, पण लग्नानंतर जोडीदाराचा तपशील बँकेत कळवावाच लागतो आणि नेमके तेच राहून जाते. खातेदार गेल्यावर तेवढीच पेन्शन जोडीदाराला आयुष्यभर मिळते. दोघांच्या पश्चात साठलेली रक्कम वारसदाराला मिळते आणि ५००० रुपयांच्या पर्यायात ती सुमारे साडेआठ लाख रुपये असते. खातेदाराचा साठीआधीच मृत्यू झाला, तर जोडीदार पुढचे हप्ते भरून खाते चालू ठेवू शकतो किंवा जमा रक्कम घेऊ शकतो.

हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे नसतील, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला दर १०० रुपयांमागे १ रुपया जादा द्यावा लागतो. ज्यांची कमाई हंगामी आहे, त्यांनी तिमाही किंवा सहामाही हप्ता घेतलेला बरा. पेन्शनची निवडलेली रक्कम वर्षातून एकदा वाढवता किंवा कमी करता येते, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठा आकडा निवडायलाच हवा असे नाही.

साठीआधी स्वेच्छेने बाहेर पडता येते. तेव्हा आपण भरलेले पैसे आणि त्यावरचे प्रत्यक्ष उत्पन्न, देखभाल खर्च वजा करून, परत मिळते. पण पेन्शनची हमी तिथेच संपते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हमीची ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली, तर ३० वर्षांनंतरच्या ५००० रुपयांत आजच्या ९०० रुपयांएवढेही सामान येणार नाही. एवढ्यावर म्हातारपण निभणार नाही. ही पेन्शन पाया धरा आणि ऐपत वाढेल तशी सोबत पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) यांसारखी दुसरी बचत सुरू करा. अटल पेन्शनचे खाते त्यासाठी बंद करण्याची गरज नाही.

साठ वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शन सुरू करण्याची विनंती त्याच बँकेत द्यावी लागते. त्या वेळी आधार, बँक खाते आणि ‘प्राण’ यांवरचे नाव व जन्मतारीख जुळत नसेल, तर काम अडते. फरक दिसला, तर दुरुस्ती आजच करून घ्या.