जाई-जुईची भावकी

मार्च-एप्रिलमध्ये साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की रस्त्याकडेच्या जाळीत दोन पांढरी, वासाची फुलं दिसतात. एक करवंदाचं आणि दुसरं कुसरीचं. कुसर ही आपल्या सह्याद्रीतली रानजाई. ती बरेचदा करवंदीवरच चढलेली असते, त्यामुळे कुणाचं फूल कुठलं हे लांबून कळत नाही. ओळखायला फुलापर्यंत जायचीही गरज नाही, पान तोडलं तरी पुरे. करवंदीच्या देठातून पांढरा चीक येतो, कुसरीतून येत नाही. करवंद हे रुई, कण्हेर आणि तगरीच्या कुळातलं; कुसर जाई-मोगऱ्याच्या. जाईच्या भावकीत चिकाला थारा नाही, म्हणून या एका कसोटीवर तगरही बाहेर पडते.

दिसायला मात्र दोन्ही फुलं सारखी, आणि त्याला कारण आहे. संध्याकाळनंतर उडणाऱ्या पतंगांना बोलवायचं तर गडद रंग फुकट जातो. पांढरेपणा, लांब नळी आणि अंधार पडता पडता वाढणारा वास हेच उपयोगी. एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी कुळांनी स्वतंत्रपणे हीच युक्ती साधली. रातराणी टोमॅटो-मिरचीच्या कुळातली आहे, अनंत कॉफीच्या, तर कुंती लिंबू आणि कढीपत्त्याच्या. नर्सरीतल्या पाट्यांवर यातल्या निम्म्यांना ‘जास्मिन’ म्हटलेलं असतं. वर्गीकरणासाठी वासाइतका फसवा पुरावा नाही, असं माझं मत.

मग बघायचं काय? पुंकेसर. फुलाची नळी नखाने उभी चिरली की आत ते दिसतात. रातराणीत पाच, कुंतीत दहा, जाई-जुई-कुसरीत फक्त दोन. पाकळ्या मोजण्यात मात्र अर्थ नाही. कुसरीच्या एकाच वेलीवर सहा, सात, आठ असे निरनिराळे आकडे मिळतात. बटमोगराही या कामाला घेऊ नका, पाकळ्यांच्या त्या गर्दीत पुंकेसर शोधूनही सापडत नाहीत. एकेरी जुई उत्तम.

दोन पुंकेसर ही सगळ्या ओलिएसी, म्हणजे जाई-मोगऱ्याच्या, कुळाचीच खूण आहे, आणि या कुळाचा पसारा चकित करणारा आहे. ऑलिव्ह याच कुळातलं. क्रिकेटच्या यष्टी ज्या ॲश लाकडाच्या करतात तो वृक्षही यातलाच. महाबळेश्वरच्या रानात पारजांब नावाचं सदाहरित झाड आहे, तेही जाईचं नातेवाईक, पण त्याची फुलं इतकी बारीक की कुणी गजऱ्यात घालायचा विचारही करणार नाही.

कुळाच्या आत जवळच्या जातींचा जो लहान गट असतो त्याला वंश म्हणतात. खास जाईचा वंश म्हणजे जास्मिनम. त्याच्या सुमारे 200 जाती मानतात. त्यांची विभागणी जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांवरून केली नाही, पानांवरून केली, आणि ती समजून घेण्यात खरी मजा आहे. जाईचं पान संयुक्त असतं, एका दांडीवर सात-नऊ पर्णिका. जुईला तीनच, त्यातल्या बाजूच्या दोन इतक्या चिमुकल्या की कधी कधी त्या नसतातच. मोगऱ्याचं आणि कुसरीचं पान साधं, एकसंध. पण मोगऱ्याच्या पानाचा देठ भिंगाखाली धरा. त्यावर एक सांधा दिसेल. साध्या पानाच्या देठाला असा सांधा असायचं कारण नाही. मोगऱ्याचं पान मुळात संयुक्तच आहे, फक्त बाजूच्या पर्णिका गळून शेवटची एक उरली आहे. जुईकडे पाहिलं की तो प्रवास अर्ध्या वाटेवर असल्यासारखा वाटतो.

पारिजातकाची कथा याहून गुंतागुंतीची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने 1753 मध्ये पारिजातक आणि मोगरा दोघांनाही निक्टॅन्थस या एकाच वंशात घातलं. 1789 मध्ये विल्यम एटन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोगऱ्याला तिथून काढून जास्मिनममध्ये आणलं, आणि पारिजातक मागे राहिला. त्याची खरखरीत पानं, चौकोनी फांद्या आणि चपटं, दोन बियांचं फळ पाहून पुढे काहींनी त्याला निर्गुडी-सागाच्या जवळ नेलं (तेव्हा सागही व्हर्बेनेसी कुळात गणला जाई), तर काहींनी त्याच्यासाठी वेगळं कुळच काढलं. अखेर 2000 साली एव्हा वालँडर आणि व्हिक्टर अल्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओलिएसी कुळाच्या हरितलवकांतल्या (पेशीतल्या हिरव्या कणांतल्या) डीएनएची तुलना केली, आणि पारिजातक पुन्हा जाईच्या कुळात आला. मात्र तो स्वतंत्र शाखेवर बसतो. लिनीयसला कुळ बरोबर दिसलं होतं, जवळीक तेवढी जास्त वाटली.

डीएनएने जास्मिनमलाही सोडलं नाही. पिवळ्या फुलांच्या, एकाआड एक पानांच्या जाती बाकीच्यांपासून वेगळ्या निघाल्या. 2014 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एनरिको बान्फी यांनी त्यांच्यासाठी क्रायसोजास्मिनम हा नवा वंश सुचवला. सगळ्यांनी तो अजून स्वीकारलेला नाही.

साताऱ्यात राजवाड्याजवळ किंवा सांगलीत गणपती मंदिरापाशी विकायला येणारा मोगरा मात्र या वंशातला सर्वात माणसाळलेला सदस्य. त्याला फळ क्वचितच धरतं. जास्मिनममध्ये गुणसूत्रांचा मूळ संच 13 चा. साध्या जातींत असे दोन संच, म्हणजे 26 गुणसूत्रं असतात, पण मोगऱ्याच्या काही वाणांत तीन संच, म्हणजे 39 आढळतात. तीन संचांची दोन सारख्या वाट्यांत विभागणी होत नाही, त्यामुळे असे वाण बीज धरण्यात कच्चे. सगळी लागवड छाटकलमं किंवा दाबकलमांवर चालते. गजऱ्यात आपण कळ्या ओवतो त्यालाही शास्त्र आहे. गुलाबाचा वास तोडल्यावर ओसरत जातो. मोगऱ्याची आणि जाईची कळी तोडल्यानंतरही उमलते आणि नवा सुगंध तयार करत राहते. त्या सुगंधात बेन्झिल ॲसिटेट आणि लिनालूल असतं, शिवाय इंडोल नावाचं एक द्रव्य, जे एकट्याने आणि भरपूर प्रमाणात आलं तर नाक मुरडावं लागेल.

जाईच्या तेलातून 1962 मध्ये मेथिल जास्मोनेट नावाचं एक द्रव्य वेगळं केलं गेलं. 1990 मध्ये असं दिसलं की हेच द्रव्य हवेतून टोमॅटोच्या झाडापर्यंत पोचलं तर ते झाड अळ्यांचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवायला लागतं. आता हे द्रव्य वनस्पतींमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या संप्रेरकांच्या गटातलं मानतात. जाईचं नाव त्याला मिळालं ते केवळ जाईत आधी सापडलं म्हणून.

कुसरीला कलमं करणारं कुणी नाही. तिला बी धरावंच लागतं, तेही परपरागणाने, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या परागाने, आणि त्यासाठी तिच्याकडे एक सोय आहे. काही वेलींच्या फुलांत कुक्षीवृंत, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीची दांडी, लांब असतो आणि कुक्षी परागकोशांच्या (पुंकेसरांच्या परागाच्या पिशव्यांच्या) वर येते. काहींत तो आखूड असून कुक्षी खाली नळीतच राहते. एका वेलीवर एकच प्रकार. घाटात पाच-सहा वेगवेगळ्या वेलींखाली गळून पडलेली फुलं मिळतात, पण कुक्षीवृंत वेलीवरच राहून गेलेला असू शकतो, तेव्हा उमललेलंच फूल चिरून पाहावं.