निर्दोष आणि 'दोष सिद्ध न झालेला': ट्वेल्व्ह अँग्री मेन पाहिल्यावर होणारा घोळ

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' कुणाबरोबरही बसून पाहा, संपल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "पण मग खून केला कुणी?" आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगं बिचारं निर्दोष होतं, त्या आठव्या ज्युररनं वाचवलं. दुसरा म्हणतो, कसलं वाचवलं! बापाला मारून कार्टं मोकळं सुटलं. सिनेमा 1957 चा, पण भांडण अजून ताजं आहे.

गंमत म्हणजे दोघंही ज्या प्रश्नाचं उत्तर देताहेत, तो प्रश्न त्या बारा ज्युररांपुढे, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांपुढे, नव्हताच. (पुढे शेवट फुटणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या, 96 मिनिटांचा तर आहे.)

कथा थोडक्यात: अठरा वर्षांच्या मुलावर बापाला चाकूनं भोसकल्याचा आरोप. दोषी ठरला तर मृत्युदंडच, दुसरी शिक्षा नाही. निकाल एकमतानं द्यायचा. पहिल्या मतदानात अकरा जण 'दोषी', एकटा आठवा ज्युरर, म्हणजे हेन्री फोंडा, 'नॉट गिल्टी'. मग जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका उकाड्याच्या खोलीत.

आता पहिल्याच मतदानानंतरचा प्रसंग आठवा. फोंडाला विचारतात, तुला तो खरंच निर्दोष वाटतो का? तो म्हणतो, मला माहीत नाही. हे उत्तर आपण ऐकतो आणि विसरून जातो. हिरो आहे म्हणजे त्याला सत्य ठाऊक असणार, फक्त तो सावकाश उलगडतोय, अशी आपली समजूत. पण तो शेवटपर्यंत माहीत नसलेलाच राहतो. उलट मधे एकदा उघड बोलतो, की आपण कदाचित खुन्यालाही सोडत असू, नक्की कुणालाच कळणार नाही. पण आपल्याला शंका आहे आणि ती वाजवी आहे.

म्हणजे खोलीतला प्रश्न 'यानं केलं का?' असा नाही. 'यानं केलं हे सरकार पक्षानं वाजवी शंकेपलीकडे सिद्ध केलं का?' असा आहे. पहिला प्रश्न त्या रात्री काय घडलं याबद्दलचा, दुसरा टेबलावर मांडलेल्या पुराव्याबद्दलचा. पहिल्याचं उत्तर 'बहुतेक हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

हा घोळ आपल्याकडे जास्त होतो, कारण भाषाच साथ देत नाही. इंग्रजीत 'इनोसंट' वेगळा आणि 'नॉट गिल्टी' वेगळा. आपण दोन्हीला 'निर्दोष' म्हणून मोकळे होतो. वर्तमानपत्रांतला ठरीव मथळा पाहा: 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. वाक्य नीट वाचलं तर हसू येतं. पुरावा नाही म्हणून सुटला हे समजलं, पण तेवढ्यानं निर्दोष कसा ठरला? 'संशयाचा फायदा देऊन सुटका' हा शब्दप्रयोग त्या मानानं प्रामाणिक, फक्त त्यात फायदा लाटल्याचा वास येतो. आणि हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशांनी 'बाइज्जत बरी' करून करून आपली अशी समजूत करून दिली आहे, की सुटका म्हणजे इज्जतीचं प्रमाणपत्रच.

त्या 'बाइज्जत'ची कायद्यातली जागा मजेशीर आहे. 'सन्मानपूर्वक मुक्तता' असा शब्द फौजदारी कायद्याच्या पुस्तकात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली एका बडतर्फ पोलिसाच्या प्रकरणात नोंदवलं. पण नोकरीच्या बाबतीत तो फरक बघितला जातो. साक्षीदार उलटले म्हणून सुटलात, तर खातं तुम्हाला परत घ्यायला बांधील नाही, कारण खातेनिहाय चौकशीत शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही, कुठलं पारडं जड एवढंच पाहतात. अमेरिकेत याच फरकाचं जगजाहीर उदाहरण म्हणजे ओ. जे. सिम्प्सन: 1995 मध्ये खुनाच्या खटल्यात सुटला आणि 1997 मध्ये दिवाणी दाव्यात त्याच मृत्यूंसाठी जबाबदार ठरला. माणूस एक, घटना एक, वजनकाटे दोन. स्कॉटलंडमध्ये तर 'दोषी' आणि 'दोषी नाही' यांच्या जोडीला 'सिद्ध झालं नाही' असा तिसरा निकाल कित्येक पिढ्या चालत आला. त्यातही आरोपी सुटायचाच, मग हा तिसरा हवा कशाला, यावर तिथे वाद होत राहिला आणि 2025 मध्ये तो रद्द करण्याचा कायदा झाला.

परत सिनेमाकडे. मुलगा निर्दोष होता असं वाटायला लावण्यात दिग्दर्शक सिडने ल्युमेटचा मोठा हात आहे. सुरुवातीला एकदाच तो मुलाचा चेहरा दाखवतो: मोठे, ओले डोळे, एक शब्द नाही. तो चेहरा विरघळत रिकाम्या खोलीच्या चित्रात मिसळतो. तिथेच आपलं मत पडलेलं असतं. पुढे 'दोषी' म्हणणाऱ्यांत सर्वांत कडवट कोण? झोपडपट्टीतल्या लोकांबद्दल गरळ ओकणारा दहावा आणि स्वतःच्या मुलावरचा राग इथे काढणारा तिसरा, ली जे. कॉबनं पेटवलेला. अशा माणसांच्या बाजूला कोण बसेल? पण माणूस वाईट म्हणून त्याचा निष्कर्ष चुकीचा, असं तर होत नाही. ई. जी. मार्शलचा चौथा ज्युरर शांत, अभ्यासू, घाम न येणारा, आणि तोही बराच काळ 'दोषी'वर ठाम असतो. त्याचे मुद्दे मला आजही कच्चे वाटत नाहीत.

मोजून बघा. मुलानं त्याच संध्याकाळी आगळ्यावेगळ्या मुठीचा चाकू विकत घेतला. तो खिशातल्या भोकातून पडला म्हणतो. भांडण झालेलं, मारहाण झालेली. खुनाच्या वेळी सिनेमाला होतो म्हणतो, पण सिनेमांची नावं आठवत नाहीत. फोंडा तसाच दुसरा चाकू टेबलात खुपसून दाखवतो, मान्य. त्यानं 'असा चाकू एकच आहे' हा दावा पडतो. पण चाकू हरवावा आणि त्याच रात्री दुसऱ्या कुणीतरी हुबेहूब तसल्याच चाकूनं याच्याच बापाला मारावं, हा योगायोग काही छोटा होत नाही. खालच्या मजल्यावरचा म्हातारा पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोचू शकत नव्हता, समोरच्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते, हे सगळं साक्षीदारांची साक्ष पोखरतं. मुलगा दुसरीकडे होता हे त्यातल्या कशानंही सिद्ध होत नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर पोरानं बहुधा केला असावा. आणि मी त्या खोलीत असतो तर मत 'नॉट गिल्टी'च दिलं असतं. हे ऐकून माझ्या ओळखीतले लोक बुचकळ्यात पडतात, पण 'बहुधा'वर फाशी देता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. न्या. कृष्ण अय्यर यांनी 1973 साली महाराष्ट्रातल्या एका खून खटल्याच्या निकालात लिहून ठेवलंय, की 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' यांच्यातलं अंतर फार लांबचं असतं. पुण्यातल्या एका गाजलेल्या प्रकरणात, 1984 साली, सर्वोच्च न्यायालयानं हेच वाक्य पुढे घेत परिस्थितिजन्य पुराव्याचं 'पंचशील', म्हणजे पाच कसोट्या, सांगितलं. हे एकाच बाजूचं समजू नका. त्याच 1973 च्या निकालात अय्यर यांनी शंकेचे फाजील लाड करू नका, गुन्हेगार सुटणं हाही अन्यायच, असंही बजावलंय. 'शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील' हे आपल्या तोंडी बसलेलं वाक्य इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोननं अठराव्या शतकात लिहिलं तेव्हा दहाच होते, बरं का. शंभर हा आकडा बेंजामिन फ्रँकलिनच्या पत्रात सापडतो.

फोंडानं मुलाच्याच वस्तीत जाऊन सहा डॉलरला चाकू आणला, हे प्रेक्षकांना फार आवडतं. प्रत्यक्षात ज्युररनं असा स्वतःच तपास करणं साफ चूक आहे. तो पुरावा ना सरकारी वकिलानं तपासला, ना बचाव पक्षानं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना कॉलेजात पाहिलेल्या याच सिनेमानं कायद्याकडे ओढलं. पण खालच्या कोर्टात न्यायाधीश असताना त्या ज्युरींना बजावत, त्या सिनेमातल्यासारखं वागू नका!

आपल्याकडे हा गोंधळ नेमका उलटा करून दाखवणारा खटला मुंबईत घडला. 1959 च्या नानावटी प्रकरणात (नौदल अधिकारी नानावटीच्या गोळ्यांनी त्याच्या बायकोचा प्रियकर मेला होता) नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं 'दोषी नाही' म्हटलं. तिथे गोळ्या कुणाच्या पिस्तुलातून सुटल्या याबद्दल प्रश्नच नव्हता. मुद्दा होता खून की झटापटीतला अपघात, आणि बाहेर अख्खी मुंबई नौदलातल्या त्या अधिकाऱ्याच्या बाजूची. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. म्हणजे सिनेमातली ज्युरी चीड गिळून शंकेपाशी आली, इथली सहानुभूतीच्या पुरात वाहून गेली. दोन्हीकडे कागदावर शब्द तेच. (या खटल्यामुळे ज्युरी लगोलग बंद झाली, असं सर्रास सांगतात. ती हळूहळूच गेली. शेवटची मूठमाती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं दिली.) बासू चटर्जींनी 1986 मध्ये 'एक रुका हुआ फैसला' केला तेव्हा देशात असली ज्युरी उरलीच नव्हती, तरी पंकज कपूरचा तिसरा ज्युरर पाहताना ते कुणाला खटकत नाही.

सिनेमातल्याही प्रत्येकाला शंका आली म्हणून त्यानं मत बदललं, असं नाही. सातव्याच्या खिशात बेसबॉलची तिकिटं आहेत. कंटाळून तो बाजू बदलतो. तेव्हा त्याला फैलावर घेतो अकरावा, म्हणजे स्वतः 'नॉट गिल्टी'च म्हणणारा घड्याळजी. आपल्याच बाजूला आलेल्या माणसाला तो 'कारण सांग' म्हणून धरतो. अख्ख्या सिनेमात मला हा प्रसंग फोंडाच्या चाकूपेक्षा भारी वाटतो.

शेवटी न्यायालयाच्या पायऱ्यांवर आठवा आणि म्हातारा नववा भेटतात, एकमेकांची नावं विचारतात, डेव्हिस आणि मॅकार्डल, आणि आपापल्या वाटेनं जातात. खून केला कुणी, हे दोघांपैकी कुणीच काढत नाही.