झटका मशीनमधला आयसी पुन्हा पुन्हा का जळतो?

रानडुकरे आणि रोही यांच्यापासून सोयाबीन, तूर, हरभरा राखण्यासाठी धुऱ्यावर तार ओढून तिला सौर झटका मशीन जोडण्याची पद्धत विदर्भात आता गावोगाव रुळली आहे. मागच्या हंगामात शेजाऱ्यांचे असे एक मशीन माझ्याकडे आले, तेव्हा त्यातला ५५५ हा टायमर आयसी (वेळेचे ठोके देणारी चिप) दोनदा बदलून झाला होता आणि दोन्ही वेळा तो महिनाभरातच गेला होता. मशीन बंद पडले की शेतकऱ्याला रात्रभर जागलीला जावे लागते, म्हणून मूळ कारण शोधल्याशिवाय तिसरा आयसी बसवायचा नाही असे मी ठरवले.

या मशीनमध्ये बॅटरीचे १२ व्होल्ट एका मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला दिले जातात. त्यातून मिळणारे काही शे व्होल्ट एका कपॅसिटरमध्ये साठतात आणि साधारण सेकंदाला एकदा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमार्गे काही हजार व्होल्टचा ठोका होऊन कुंपणात जातात. मॉसफेटला हुकूम देणारा आयसी मात्र त्याच बॅटरीवर, त्याच तारांवर जगतो.

खरी अडचण या तारांचीच आहे. ओलिताच्या पाइपचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की धावते पाणी पाइपाला हादरा देते. तारेतला प्रवाह एकदम तोडला की तसाच विद्युतदाबाचा हादरा बसतो. सरळ तारेचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, मीटरमागे ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री असतो. बॅटरीच्या मीटर-मीटरभर लांब दोन तारांमधून जाणारा ५ अँपिअरचा प्रवाह मॉसफेटने अर्ध्या मायक्रोसेकंदात थांबवला, तर २० व्होल्टची उसळी येते, आणि ती बॅटरीच्या १२ व्होल्टवर चढून ३२ होते. ५५५ च्या पुरवठ्याच्या आठव्या पिनची कमाल मर्यादा १८ व्होल्ट आहे. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर निवांत १२.६ दिसत राहतात. उसळी पकडायला ऑसिलोस्कोपच लागतो, आणि तो तालुक्याच्या दुकानात सहसा नसतो.

पहिला उपाय उसळीच्या उगमाशी. तारा बोर्डावर येतात तिथेच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की मॉसफेटला लागणारे धक्क्याधक्क्याचे प्रवाह त्यातून पुरवले जातात आणि लांब तारांमधला प्रवाह जवळपास संथ राहतो.

दुसरा उपाय खुद्द पिनपाशी. पुरवठा आणि आठवी पिन यांच्यामध्ये ४७ ओहमचा रोधक घालावा, आणि पिनेपासून ग्राउंडकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण तारेकडे, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक व ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा. आयसी १० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे रोधकावर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो, तो सहज परवडतो. उसळी मात्र अर्ध्या मायक्रोसेकंदाची आणि रोधक-कपॅसिटरच्या या जोडीचा कालांक (कपॅसिटर भरायला लागणाऱ्या वेळेचे माप) ४७० मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे हिशेबाने पिनेवर उसळीचा हजारावा हिस्साच पोहोचायला हवा. प्रत्यक्षात इलेक्ट्रोलायटिकच्या अंगचा रोध आड येतो, आणि म्हणूनच शेजारी सिरॅमिक लागतो. माझ्यासमोरच्या बोर्डावर सिरॅमिक होता, पण आयसीपासून चांगला तीन बोटे दूर, आणि रोधक तर नव्हताच. मी नवा सिरॅमिक बोर्डाच्या मागून पहिल्या आणि आठव्या पिनेवर, पाय शक्य तितके आखूड कापून, थेट डाखला.

हे गाळण क्षणिक उसळीपुरतेच आहे. पॅनेल जोडलेले असताना बॅटरी काढली, तर पॅनेलचे मोकळे २१-२२ व्होल्ट थेट मशीनवर येतात आणि तिथेच टिकून राहतात. त्यांच्यापुढे कपॅसिटर थोड्याच वेळात भरून जातो. पिनेवर १६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टच्या वर दाब चढू न देणारा डायोड) लावला तर तो दाब अडवतो खरा, पण ४७ ओहममधून त्याला तेव्हा सुमारे दोन वॅट उष्णता पचवावी लागते, आणि नेहमीचा एक वॅटचा झेनर त्यात जळतो. म्हणून पाच वॅटचा घ्यावा, आणि बॅटरी काढण्याआधी पॅनेलची तार सोडवावी.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच निवडावेत. तापमान दर १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलायटिकचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असताना धुऱ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त उष्णता साठते.