नाडीचा वळ

माझी आजी तासगावकडची. द्राक्षबागेत दिवसभर राबायची आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावरच परकराची नाडी सैल करायची. कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळपट वळ होता. उजव्या कुशीला, जिथं गाठ बसायची, तिथली कातडी राठ झालेली, मधेच पांढरट ठिपके. शेजारणींना ते कोड वाटायचं. उन्हाळ्यात चुणचुणलं की ती खोबरेल तेलात हळद कालवून लावायची. संपला विषय.

आजीचा वळ शेवटपर्यंत वळच राहिला, बहुतेकींचा राहतो. पण क्वचित, अगदीच क्वचित, अशा जागी कर्करोग होतो. १९४५ साली मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवरच्या कर्करोगाची नोंद केली. पुढं तसाच तो साडीवाल्या बायकांतही दिसला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध बायकांची हकीकत छापली. एकीची कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या लसीकाग्रंथीपर्यंत, म्हणजे कातडीखालच्या गाठीपर्यंत, पोचला होता.

दोष कापडाचा नाही, रोजच्या घासण्याचा आहे. नाडी त्याच रेषेवर घासते, कातडी सोलवटते, वर घाम आणि माती. रात्रीत जरा भरू लागलेलं सकाळी पुन्हा उकलतं. ही डागडुजी करायला कातडीच्या पेशी वर्षानुवर्षं विभागत राहतात, आणि प्रत्येक विभाजनात नक्कल चुकायची शक्यता असते. जुन्या व्रणातून उठणाऱ्या या रोगाला फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांचं नाव आहे. त्यांनी असे व्रण १८२८ मध्ये वर्णिले होते.

निदान अडतं ते जागेमुळं. जखम कायम कपड्याखाली, आणि डॉक्टरांसमोर नाडी सोडायचा संकोच. मग नायटा समजून वर्षभर मलम चोपडलं जातं. कडा जाड आणि उचललेल्या, वास, हात लागताच रक्त, असं दिसलं तर तुकडा काढून तपासायलाच हवा. तोही कडेचा घ्यावा लागतो. मधला भाग बहुधा मेलेला असतो, त्यात काही सापडत नाही. जोडीला जांघ चाचपतात. तिथं अवधाण, म्हणजे गाठीला सूज, आलं असेल तर ते जखमेच्या जंतूंमुळं की कर्करोगामुळं, हे सुईनं पेशी काढून तपासतात.

वेळेत कळलं तर भोवतीच्या निरोगी कातडीसकट जखम कापून काढतात आणि मोठ्या खड्ड्यावर सहसा मांडीची कातडी लावतात. रोग जांघेतल्या गाठींत शिरला असेल तर त्याही काढाव्या लागतात, कधी वर किरणोपचार.

नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, बांधायच्या गाठीची जागा बदलत राहावी, घरी सैल नेसावं, एवढं सोपं आहे. मी आजीला सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली, "सैल बांधलं तर खुरपताना सुटतंय की रं."