इन्फ्लुएन्झा महासाथ : शासकीय व आंतरराष्ट्रीय प्रतिसाद (नाशिक जिल्हा)

इन्फ्लुएन्झाचा नवा विषाणू माणसांत पसरू लागला की जागतिक आरोग्य संघटनेपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत जी यंत्रणा हलते, तिची ही नाशिकच्या अंगाने नोंद.

अशा साथीत देशांनी काय करायचे, याची बंधने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून (२००५) येतात. हे नियम जून २००७ पासून लागू आहेत. त्यांखालची पहिली जागतिक आणीबाणी २५ एप्रिल २००९ रोजी एच१एन१, म्हणजे ‘स्वाइन फ्लू’साठी जाहीर झाली आणि ११ जूनला संघटनेने महासाथीचा सहावा, सर्वांत वरचा टप्पा घोषित केला. टप्पे प्रसार मोजत होते, आजाराची तीव्रता नव्हे. सामान्य माणसाला हा फरक कोणी नीट सांगितलाच नाही.

नाशिक महसूल विभागाला इन्फ्लुएन्झाचा धडा त्याआधीच मिळाला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हा कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. माणसांत मात्र लागण आढळली नाही, त्यामुळे कामाचा मुख्य भार पशुसंवर्धन खात्यावर राहिला.

२००९ मध्ये केंद्राने सुरुवातीला भर दिला तो विमानतळावरील तपासणीवर. नाशिकला तेव्हा आंतरराष्ट्रीय विमानसेवा नव्हती. परदेशातून येणारा मुंबईत तपासला जाई आणि कसारा घाट चढून घरी येई. लक्षणे त्यानंतर दिसली तर जबाबदारी जिल्ह्याची. ही जबाबदारी एकाच्या हाती नाही. ‘सिव्हिल’, म्हणजे जिल्हा रुग्णालय, राज्य शासनाचे. कथड्याचे झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचे बिटको ही रुग्णालये महापालिकेची. गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. मालेगावला वेगळी महापालिका, देवळालीला कटक मंडळ, म्हणजे लष्करी छावणीची स्थानिक संस्था. या साऱ्यांची मोट बांधायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात देशातील पहिला बळी गेला. त्याच महिन्यात नाशिकमधील एका डॉक्टरचाही या आजाराने मृत्यू झाला. साध्या सर्दीचे रुग्णही तपासणीसाठी रांगा लावू लागले. घशातील स्रावाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. तिथे राज्यभरातून नमुने येत असल्याने अहवालाची वाट पाहणे हाच उपचारातला मोठा अडथळा होता. केंद्राने मग रुग्णांचे अ, ब आणि क असे वर्ग केले. सौम्य लक्षणांच्या अ आणि ब वर्गांना चाचणी नको, फक्त गंभीर अशा क वर्गाला चाचणी आणि दाखल करणे. ब वर्गातील जोखमीच्या रुग्णांना, उदाहरणार्थ गर्भवती आणि मधुमेही यांना, अहवालाविना ऑसेल्टामिविर (टॅमीफ्लू) देता येऊ लागले. या साथीतला सर्वांत शहाणा शासकीय निर्णय बहुधा हाच. औषध मात्र सुरुवातीला केवळ सरकारी केंद्रांतच मिळे, खुल्या विक्रीला बंदी होती. पुढे निवडक परवानाधारक दुकानांना मुभा मिळाली आणि २०१७ मध्ये नियम आणखी सैल झाले.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये बाजारात आली. १० ऑगस्टला संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले.

विषाणू गेला नाही. तो हंगामी झाला. २०१५ च्या सुरुवातीला देशभर त्याची मोठी लाट आली, आणि त्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरचा गर्दीचा सिंहस्थ कुंभमेळा होता. आंतरराष्ट्रीय पातळीवर महासाथ कराराला मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मंजुरी दिली. विषाणूचे नमुने देणाऱ्या देशांना लस आणि औषधांचा वाटा कसा मिळावा, हा त्यातील सर्वांत वादग्रस्त भाग परिशिष्टासाठी मागे ठेवण्यात आला.