पांढऱ्या बिअरमागचा दूधवाला

आधी दोन तृतीयांश बिअर ग्लासात ओतायची. मग बाटलीत उरलेली हलकेच गोल फिरवून तळाचा गाळ उठवायचा आणि तीही ग्लासात रिती करायची. बेल्जियन व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची ‘विटबिअर’ (शब्दशः पांढरी बिअर), अशी ओततात. गाळ म्हणजे यीस्ट. तो मिसळला की फिकट पिवळी बिअर पहाटेच्या धुक्यासारखी धूसर दिसते आणि वर पांढराशुभ्र, जाड फेस धरतो. ग्लास नाकाशी नेला की पहिल्यांदा संत्र्याच्या सालीचा वास येतो, त्यामागून धण्याचा आणि अगदी शेवटी लवंगेची पुसटशी चाहूल लागते. गंमत म्हणजे लवंग या बिअरमध्ये टाकलेलीच नसते. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून यीस्टच तो वास तयार करतं. साल आणि धणे मात्र खरोखर टाकलेले असतात.

बिअरमध्ये मसाला म्हटलं की अनेकांना ते अलीकडचं खूळ वाटतं. खरं तर उलट आहे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, सर्रास वापरात येण्याआधी युरोपात बिअरला चव आणायची ती ‘ग्रुट’ नावाच्या वनस्पतींच्या मिश्रणाने, आणि ते विकण्याचा हक्कही सरदार-धर्मगुरूंच्या हाती असे. पुढे हॉप्सनी ग्रुटला हटवलं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने तर बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच बिअरमध्ये चालेल असं ठरवून टाकलं. आजच्या बेल्जियमच्या भागात असं फर्मान नव्हतं, त्यामुळे गहू आणि मसाला दोन्ही टिकले.

टिकले ते मुख्यतः ब्रसेल्सच्या पूर्वेला, लुव्हेन आणि हूगार्डन या टापूत. हूगार्डन हे छोटंसं गाव. तिथल्या बिअरच्या लेबलवर आज १४४५ हे साल छापलेलं असतं. आजूबाजूचा मुलूख ब्राबांटच्या ड्यूकचा, पण गाव लिएजच्या बिशपच्या राज्यात. त्यामुळे करांचा बोजा कमी, आणि गावाच्या मानाने ब्रुअरी, म्हणजे बिअरचे कारखाने, भरपूर. गव्हाचं पीक दारातच. कडू संत्र्याची वाळवलेली साल मात्र समुद्रापलीकडून यायची. १६३४ मध्ये डचांनी कॅरिबियनमधलं क्युरासाओ बेट घेतलं. स्पॅनिशांनी तिथे आधीच लावलेली संत्री त्या कोरड्या मातीत खुरटली आणि इतकी कडू झाली की खाण्यालायक राहिली नाहीत. सालीतलं सुगंधी तेल मात्र अप्रतिम निघालं. ‘क्युरासाओची साल’ हा शब्द ब्रुअरच्या तोंडी आजही आहे.

ती जुनी पांढरी बिअर आजच्यापेक्षा बरीच आंबट असे. लॅक्टिक जिवाणू आपसूक शिरायचे, शीतकपाट नव्हतं, म्हणून ताजी असतानाच ती संपवायची. अशा नाजूक बिअरला लांबचा प्रवास झेपत नाही. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेनला सोनेरी, स्वच्छ, टिकाऊ लागर, म्हणजे थंडाव्यात मुरवलेली बिअर, निघाली आणि तिच्यासमोर या गढूळ बिअरचं काही चालेना. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियन ब्रुअऱ्यांमधली तांब्याची भांडी उचलून नेली, तो आणखी एक घाव. १९५० च्या दशकात हूगार्डनमधली शेवटची ब्रुअरी, टॉमसिन, बंद पडली आणि गावाची पांढरी बिअर संपली.

इथे पियर सेलिस येतो. धंद्याने दूधवाला, टॉमसिनच्या शेजारी वाढलेला, पोरवयात तिथे हाताखाली काम केलेला. गावातले लोक जुन्या बिअरची आठवण काढत राहायचे. अखेर १९६६ च्या सुमारास त्याने स्वतःच ती बनवायला घेतली: निम्म्याच्या आसपास कच्चा, म्हणजे माल्ट न केलेला (मोड आणून न वाळवलेला) गहू, बाकी बार्लीचं माल्ट, धणे आणि कडू संत्र्याची साल. आज जगभर ‘प्राचीन बेल्जियन चव’ म्हणून जी नावाजली जाते, तिची नोंदवही एका माणसाच्या जिभेवर होती. मला या बिअरच्या इतिहासातलं हे सर्वात मोहक वाटतं, आणि जराशी शंका घ्यायला लावणारंही.

बिअर तुफान चालली. पुढे लेमोनेडचा एक कारखाना घेऊन त्याने तिथे ‘डे क्लाउस’, म्हणजे संन्याशाची कुटी, ही ब्रुअरी थाटली. १९८५ मध्ये तिला आग लागली. विमा अपुरा होता. स्टेला आर्त्वा या बड्या बेल्जियन बिअर कंपनीने पैसा दिला, पण मोठ्या भागीदाराबरोबर मोठ्या भागीदाराची मतंही आली. सेलिस बाहेर पडला, साठी उलटल्यावर अमेरिकेत गेला आणि १९९२ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला नव्याने सुरुवात करून ‘सेलिस व्हाइट’ आणली. तिथेही १९९५ मध्ये मिलर कंपनी भागीदार म्हणून आली आणि काही वर्षांत ब्रुअरी बंद झाली. एकाच माणसाबरोबर हे दोनदा व्हावं!

त्याच १९९५ मध्ये डेन्व्हरच्या बेसबॉल मैदानातल्या कूर्स या अमेरिकन बिअर कंपनीच्या छोट्या ब्रुअरीत ‘ब्लू मून’ जन्मली आणि मेन राज्यात ‘अलागाश व्हाइट’ आली. ब्लू मूनने कडूऐवजी गोड संत्र्याची साल घेतली आणि ग्लासच्या कडेला संत्र्याची फोड लावली. मला ती फोड नको वाटते. आतली साल इतकं नाजूक काम करत असताना वरून ताजा रस कशाला? धणे आणि साल यांचं मुळातच जमतं, कारण धण्याच्या तेलात सर्वात जास्त असलेलं लिनालूल हे लिंबूवर्गीय फळांतही असतं आणि हॉप्समध्येही. म्हणून नीट बनवलेल्या विटबिअरमध्ये साल कुठे संपते आणि धणे कुठे सुरू होतात ते जिभेला सांगता येत नाही. धण्याचं प्रमाण जरा चुकलं की मात्र घोट साबणासारखा लागतो.

२००५ मध्ये इनबेव्हने, म्हणजे स्टेला आर्त्वाच्याच वारसदार कंपनीने, हूगार्डनची ब्रुअरी बंद करून उत्पादन लिएजजवळच्या ज्युपियला नेण्याचं जाहीर केलं. गावकरी रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. सेलिस तेव्हा हयात होता. २०११ मध्ये तो गेला. हूगार्डनची बिअर अजून हूगार्डनमध्येच बनते.